सामना घालवला कोणी, पिचरने की मॅनेजरने?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. क्रिकेटवर वाढलेले तुम्ही गेले काही मोसम बेसबॉल नेमाने बघताय. तुमच्या संघाने यंदा सातव्या इनिंगपर्यंत (सामना नऊ इनिंगचा, प्रत्येकीत दोन्ही संघ तीन-तीन बाद होईपर्यंत खेळतात) पुढे असलेले बरेच सामने शेवटी घालवले. क्लोजरचा, म्हणजे शेवटची इनिंग टाकणाऱ्या पिचरचा, ईआरए (नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर पडणाऱ्या धावा) फुगलाय, तरी त्याच्या नावावर सेव्ह (आघाडी राखून सामना संपवल्याचं श्रेय) भरपूर आहेत. त्याच्या आधी येणाऱ्या एकाचा ईआरए अगदी नेटका, पण तो आला की बेसवर आधीपासून उभे असलेले रनर हमखास होम प्लेटपर्यंत पोचतात, म्हणजे धावा होतात. आणि मॅनेजर चांगल्या माणसाला नवव्या इनिंगसाठी राखून ठेवून आठवीत कच्च्याला उभं करतो. तर दोष कोणाचा, आणि तो मोजायचा कशाने? संघाचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत हे बरं केलंत. नाव दिसलं असतं तर निम्म्या लोकांनी पुढचं न वाचताच बाजू घेतली असती.

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, मी काम केलेलं नाही. इथल्या हौशी प्रौढांच्या लीगमध्ये स्कोअरिंग करतो आणि उन्हाळ्यात कॉलेजच्या मुलांच्या एका संघाच्या बुलपेनचे, म्हणजे राखीव पिचरांचे, तक्ते सांभाळतो. कोणी किती चेंडू टाकले, कोण किती वेळा उठून वॉर्म-अप झाला, आज कोणाला हात लावायचा नाही, असलं सगळं. त्यामुळे टीव्हीवर बघणाऱ्यापेक्षा डगआउटमधल्या (संघाच्या बाकावरच्या) माणसाबद्दल मला थोडी जास्त सहानुभूती आहे, हे गृहीत धरून पुढचं वाचा.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. पिचरनी चेंडू कसा टाकला हा एक. त्यांना आणायची वेळ आणि माणूस मॅनेजरने कसा निवडला हा दुसरा. दोन्हींचा हिशेब एकाच वहीत मांडला की गोंधळ होणारच, कारण चांगल्या निर्णयानंतरही होमरन (मैदानाबाहेरचा फटका) बसतो आणि वेडगळ निर्णयानंतरही तीन बाद मिळून जातात. शिवाय वर्तमानपत्रात छापून येणारे आकडे या दोन्हींपैकी धड कशाचंच उत्तर देत नाहीत. ते का, हे दाखवायला २०१६चा ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे पहिले दोन दिवस पुरेसे आहेत.

२ नोव्हेंबर २०१६, क्लीव्हलंड, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना. आठवी इनिंग, दोन बाद, शिकागो कब्ज ६-३ ने पुढे, पहिल्या बेसवर होसे रमिरेझ. कब्जचा मॅनेजर जो मॅडनने जॉन लेस्टरला काढून अरोल्डिस चॅपमनला आणलं. क्लीव्हलंडच्या ब्रँडन गायरने डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला आणि रमिरेझ धावत घरी आला, ६-४. मग राजाई डेव्हिसने दोन धावांचा होमरन मारला, ६-६. नवव्या इनिंगमध्ये चॅपमनने क्लीव्हलंडला रोखलं. पावसामुळे १७ मिनिटं खेळ थांबला. दहाव्यात कब्जनी दोन धावा काढल्या, कार्ल एडवर्ड्सने दोघांना बाद केलं पण एक धावही दिली, आणि शेवटचा एकच फलंदाज माइक मॉन्टगोमेरीने बाद केला. कब्ज ८-७ ने जिंकले, १९०८ नंतर पहिल्यांदा.

आता अधिकृत नोंद काय सांगते ते बघा. गायरच्या डबलवर आलेली धाव लेस्टरच्या खात्यात, कारण रमिरेझ त्याच्यामुळे बेसवर होता. चॅपमनच्या नावावर ब्लोन सेव्ह, म्हणजे राखायची आघाडी घालवल्याची नोंद. आणि विजयी पिचर कोण? तोच चॅपमन, कारण कब्जनी पुन्हा आघाडी घेतली तेव्हा नोंदीत तो पिचर होता. सेव्ह मॉन्टगोमेरीला, एका फलंदाजाला बाद केल्याबद्दल, आणि तोही त्याच्या मेजर लीग कारकिर्दीतला पहिला सेव्ह. ज्याने सामना न बघता फक्त ही चार खाती वाचली, त्याला त्या रात्री काय झालं याचा पत्ताही लागणार नाही.

सेव्ह ही कल्पना शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांची. १९६९पासून ती मेजर लीगची अधिकृत आकडेवारी झाली. जिंकलेला सामना संपवणारा पिचर, जो स्वतः विजयी पिचर नाही, त्याला सेव्ह मिळतो. पण तीनपैकी एक अट पूर्ण व्हावी लागते. तो आला तेव्हा आघाडी तीन धावांपेक्षा जास्त नसावी आणि त्याने निदान एक इनिंग टाकलेली असावी. किंवा तो आला तेव्हा बरोबरीची धाव काढू शकणारा खेळाडू बेसवर, बॅटिंगला किंवा ऑन-डेकला (पुढच्या पाळीच्या जागी) उभा असावा. किंवा त्याने किमान तीन इनिंग टाकाव्यात. गंमत पहिल्या अटीत आहे. तीन धावांची आघाडी घेऊन नववी इनिंग टाकायला येणारा संघ शंभरातले ९७च्या आसपास सामने जिंकतोच, समोर कोणीही पिचर असो. एका धावेची आघाडी असेल तर हाच आकडा ८५च्या आसपास येतो. सेव्ह दोन्ही वेळा एकच मोजला जातो. म्हणून ‘सेव्ह भरपूर’ असणं म्हणजे संघ वारंवार थोडक्या आघाडीवर होता आणि मॅनेजरने या माणसाला नववी इनिंग दिली, एवढंच कळतं. ब्लोन सेव्हची दुसरी बाजू तितकीच खोटी. सातव्या इनिंगमध्ये येऊन एका धावेची आघाडी गमावणाऱ्याच्या नावावर ब्लोन सेव्ह लागतो, पण आघाडी टिकवली असती तरी सेव्ह त्याला मिळणारच नव्हता. अशा माणसाची सेव्हची टक्केवारी काढून ‘याच्यात दम नाही’ म्हणणारे समालोचक मी ऐकलेत.

ईआरए त्यातल्या त्यात बरा, पण रिलीव्हरच्या (मध्येच आणलेल्या पिचरच्या) बाबतीत त्याच्यात दोन भोकं आहेत. पहिलं म्हणजे नमुना लहान. बहुतेक रिलीव्हर मोसमभरात ६०-७० इनिंग टाकतात. ६० इनिंगमध्ये १५ अर्न्ड रन (क्षेत्ररक्षणाच्या चुका वगळून पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा) दिलेल्याचा ईआरए २.२५. एखाद्या दमट रात्री त्याने एकाच फलंदाजाला बाद करून पाच धावा दिल्या, की तोच ईआरए जवळजवळ ३.०० होतो. मोसम तोच, पिचर तोच, बदनाम मात्र झाला. तुमच्या क्लोजरच्या बाबतीत पहिलं काम हेच करा. त्याचे सगळे सामने एकाखाली एक मांडा आणि बघा, धावा मोसमभर झिरपल्यात की तीन-चार रात्रींत एकदम आल्यात. दोन्हींचे अर्थ पार वेगळे आहेत.

दुसरं भोक तुमच्या त्या नेटक्या ईआरएवाल्याचं. एक बाद, तिन्ही बेस भरलेले, अशा वेळी सरासरी दीडेक धावा येणं अपेक्षित असतं. समजा पहिला पिचर हा पसारा मांडून गेला आणि दुसरा आला. दुसऱ्याने डबल देऊन तिघांना घरी जाऊ दिलं आणि मग दोघांना बाद केलं, तर त्याच्या ईआरएला ओरखडाही नाही. तिन्ही धावा आधीच्याच्या. उलट त्याने एकच धाव देऊन इनिंग संपवली, तर त्याने संघाची अर्धी धाव वाचवली, पण त्याचं श्रेय ईआरएत कुठेच दिसणार नाही. म्हणून त्याच्या नावापुढे एक रकाना वाढवा: आला तेव्हा किती रनर होते, त्यातले किती घरी गेले. लीगमध्ये साधारण तिघांपैकी एक घरी जातो. तुमच्या माणसाचं प्रमाण निम्म्यावर असेल तर तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पण थांबा, ते रनर कुठल्या बेसवर होते आणि किती बाद होते हेही लिहा. कोणी बाद नसताना तिसऱ्या बेसवरचा रनर आणि दोन बाद असताना पहिल्या बेसवरचा रनर हे एकाच तराजूत तोलायचे नाहीत. हे सगळं हाताने करायचं नसेल तर आरई२४ नावाचा आकडा सार्वजनिक संकेतस्थळांवर मिळतो. प्रत्येक वेळी आल्याक्षणी किती धावा अपेक्षित होत्या आणि तो गेला तेव्हा काय झालं, याची ती बेरीज-वजाबाकी आहे. रिलीव्हरसाठी ईआरएऐवजी मी आधी तोच बघतो. आणखी एक बारकावा: २०२०पासून नियमित मोसमात जादा इनिंग दुसऱ्या बेसवर एक रनर फुकट देऊन सुरू होते. तो रनर घरी आला तरी अर्न्ड रन धरत नाहीत, म्हणून दहाव्या इनिंगमध्ये हरणाऱ्या पिचरचा ईआरए कधीकधी हरल्यासारखा दिसतच नाही.

एवढं झाल्यावर मूळ कौशल्याकडे या. धावा येणं यात क्षेत्ररक्षण, मैदान आणि नशीब मिसळलेलं असतं. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस) आणि होमरन ही मात्र बरीचशी पिचरची स्वतःची कमाई. ती मोजताना नऊ इनिंगमागे किती असं न मोजता फलंदाजांमागे किती असं मोजा. समजा एकाने एका इनिंगमध्ये तिघांना स्ट्राइकआउट केलं, पण मध्ये दोन हिट आणि तीन वॉकही दिले. दुसऱ्याने तिघांना तीन स्ट्राइकआउट केलं आणि बाकावर जाऊन बसला. नऊ इनिंगच्या हिशेबात दोघेही २७ वर! फलंदाजांच्या हिशेबात पहिला आठांत तीन, दुसरा तिघांत तीन. मेजर लीगमध्ये सध्या साधारण २२-२३ टक्के फलंदाज स्ट्राइकआउट होतात आणि ८ टक्क्यांच्या थोडं वर वॉक मिळवतात. या दोन टक्क्यांतला फरक २०च्या पुढे असलेला रिलीव्हर कोणालाही हवाच असतो, त्याचा ईआरए त्या महिन्यात काहीही असो. फरक ८-९वर आला आणि चेंडूचा वेगही मागच्या वर्षीपेक्षा मैल-दीड मैलाने उतरला असेल, तर मी काळजीत पडतो. वेगाचा आकडा सगळ्यांत लवकर खरं बोलतो. दोन-तीन आठवड्यांत कळतं. धावांच्या आकड्यांना अख्खा मोसमही पुरत नाही.

पिचरच्या वहीत एवढं पुरे: रात्रीगणिक विखुरलेल्या धावा, वारशात आलेले रनर, फलंदाजांमागे स्ट्राइकआउट आणि वॉक, होमरन, वेग. सेव्हचा रकाना मी ठेवतच नाही. क्लोजर मारियानो रिवेराचे ६५२ सेव्ह हा विक्रम आहेच, पण पोस्टसीझनच्या (मोसमानंतरच्या बाद फेरीच्या) १४१ इनिंगमध्ये ०.७० ईआरए, तोही कित्येकदा एकाहून जास्त इनिंग टाकून, या गोष्टीने मी जास्त थक्क होतो.

आता मॅनेजरची वही. इथे जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण खरी भांडणं इथेच होतात.

४ ऑक्टोबर २०१६, टोरांटो. बॉल्टिमोर ओरिओल्सचा क्लोजर झॅक ब्रिटन त्या मोसमात ४७ पैकी ४७ सेव्ह मिळवलेला, ६७ इनिंगमध्ये ०.५४ ईआरए. वाइल्ड कार्डचा, म्हणजे पोस्टसीझनमध्ये पुढे जाण्याचा, एकच सामना, हरला तो घरी. पाचव्या इनिंगपासून २-२ बरोबरी. मॅनेजर बक शोवॉल्टरने एकामागून एक रिलीव्हर आणले, ब्रिटन सोडून. अकराव्या इनिंगमध्ये एक बाद झाल्यावर आला उबाल्डो हिमेनेझ. सिंगल, सिंगल, आणि एडविन एन्कार्नासिऑनचा तीन धावांचा होमरन. ५-२, मोसम संपला. ब्रिटन बुलपेनमध्येच राहिला.

सगळं जग शोवॉल्टरवर तुटून पडलं, पण त्यांची बाजू ऐकण्यासारखी आहे. पाहुणा संघ इनिंगच्या उत्तरार्धात चेंडू टाकतो. बरोबरीत ब्रिटनला वापरून टाकला आणि मग आघाडी मिळाली, तर ती राखायला कोण, हा प्रश्न. हिमेनेझ मुळात सुरुवातीचा पिचर, सामना लांबला तर तीन-चार इनिंग ओढणारा. आणि अकराव्यापर्यंत त्यांनी आणलेल्या बाकीच्या रिलीव्हरनी आपलं काम चोख केलं होतं. तरीही मी तो निर्णय चुकीचाच धरतो, आणि होमरन बसला नसता तरी धरला असता. बरोबरीत, समोरच्या संघाच्या मैदानात, प्रत्येक धाव म्हणजे सामना संपला. आघाडी राखायची वेळ कदाचित येईल, कदाचित येणारही नाही. बरोबरी राखायची वेळ मात्र समोर उभी आहे. जी वेळ येईल की नाही याचीच खात्री नाही तिच्यासाठी हातातला सर्वोत्तम माणूस राखून ठेवणं, ही सेव्हच्या नियमाने मॅनेजरांना लावलेली सवय आहे.

त्याच ऑक्टोबरात टेरी फ्रँकोनाने क्लीव्हलंडमध्ये उलट केलं. जुलैमध्ये यँकीजकडून आणलेल्या अँड्र्यू मिलरला त्याने नवव्या इनिंगपुरतं बांधून ठेवलं नाही. पाचवी, सहावी, सातवी, जिथे समोरचे दादा फलंदाज येतील आणि सामना डगमगेल, तिथे मिलर. त्या पोस्टसीझनमध्ये मिलरने १९ पूर्णांक एक तृतीयांश इनिंगमध्ये ३० स्ट्राइकआउट केले आणि अमेरिकन लीग अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

सामना कुठे डगमगतो याचं मोजमाप आहे. आकडेतज्ज्ञ टॉम टँगो यांनी मांडलेला लेव्हरेज इंडेक्स. सामान्य क्षणाची किंमत १ धरली, तर या क्षणी सामन्याचा निकाल त्याच्या किती पट हलू शकतो, हे तो सांगतो. पाच धावांनी पुढे असताना नववी इनिंग १च्याही कितीतरी खाली. एका धावेने पुढे, आठवी इनिंग, दोन बेसवर रनर, तर तीन-चारच्याही पुढे. तुम्ही क्रिकेटवाले आहात म्हणून सांगतो, बुमराहला १९व्या षटकासाठी राखून ठेवलं आणि १६व्यातच सामना गेला, तर तुम्ही जे बोलता तेच हे. फरक एवढाच की बुमराह सुरुवातीला दोन षटकं टाकून परत येऊ शकतो. बेसबॉलमध्ये काढलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. त्यामुळे मॅनेजर घाबरून हात आखडता घेतो, आणि ही भीती सगळीच खोटी नसते.

तुमच्या मॅनेजरची आठव्या इनिंगची तक्रार याच कसोटीवर लावा. आठवीत समोरचे दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या क्रमांकाचे फलंदाज येणार होते आणि नववीत शेपूट, असं असूनही चांगला माणूस नववीसाठी ठेवला असेल, तर तुमचं बरोबर आहे. उलट असेल तर मॅनेजरचं. इनिंगच्या आकड्याला स्वतःचं काही मोल नाही. समोर कोण येतंय याला आहे.

पण फ्रँकोनाची नक्कल जूनमध्ये करता येत नाही, हेही लक्षात घ्या. ऑक्टोबरात मालिकांमध्ये सुटीचे दिवस असतात आणि उद्याचा विचार कमी करावा लागतो. १६२ सामन्यांच्या मोसमात मिलरला असं वापरलं तर जुलैपर्यंत त्याचा हात संपेल. ऑक्टोबरातही याला हद्द आहे, आणि इथे मी परत चॅपमनकडे येतो. त्या वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात मॅडनने त्याच्याकडून आठ फलंदाज बाद करून घेतले, ४२ चेंडू. कब्ज मालिकेत ३-१ ने मागे होते, हरले असते तर संपलं असतं. तो निर्णय मला मान्य. सहाव्या सामन्यात सातवी इनिंग, दोन बाद, दोन रनर, कब्ज ७-२ ने पुढे, आणि पुन्हा चॅपमन. बरोबरीची धाव ऑन-डेकलाही नव्हती. जिंकण्याची शक्यता आधीच ९५ टक्क्यांच्या पुढे. मॅडनचं म्हणणं होतं की क्लीव्हलंडचे मुख्य फलंदाज त्याच वेळी येत होते. ते खरं होतं. पण त्या जागी दुसऱ्या कोणीही चाललं असतं. तिथे खर्च झालेल्या २० चेंडूंची किंमत दुसऱ्या दिवशी डेव्हिसने वसूल केली. मिलरलाही त्या सातव्या सामन्यात दोन धावा बसल्या; दोन्हीकडचे सर्वोत्तम हात थकलेले होते. कब्ज जिंकले म्हणून सहाव्या सामन्यातला तो निर्णय शहाणपणाचा ठरत नाही.

निकालावरून निर्णय जोखण्यातला फोलपणा सगळ्यांत स्वच्छ दिसतो तो २५ ऑक्टोबर २०२४ ला, लॉस एंजेलिसमध्ये. वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, दहावी इनिंग, यँकीज ३-२ ने पुढे, एक बाद, दोन रनर, समोर डावखुरा शोहेई ओहतानी. मॅनेजर आरन बूनने डावखुऱ्या नेस्टर कोर्टेझला आणलं, जो दुखापतीमुळे १८ सप्टेंबरपासून एकही सामना खेळला नव्हता. दुसरा डावखुरा टिम हिल बुलपेनमध्ये होता. कोर्टेझच्या पहिल्या चेंडूवर ओहतानी झेलबाद. मुकी बेट्सला मुद्दाम वॉक दिला. पुढच्या चेंडूवर फ्रेडी फ्रीमनने ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असतानाचा होमरन) मारून सामना संपवला. कोर्टेझने टाकलेले चेंडू दोन. पहिल्या चेंडूनंतर बून हुशार होता आणि दुसऱ्या चेंडूनंतर मूर्ख, असं म्हणायचं का? निर्णय तर एकच होता, आणि तो दोन्ही चेंडूंच्या आधी झाला होता. माझ्या मते डावखुऱ्यासमोर डावखुरा हा अर्धा भाग ठीक. महिनाभर सामन्यात चेंडू न टाकलेला माणूस निवडला हा अर्धा कच्चा. शिवाय २०२०पासून पिचरने किमान तीन फलंदाजांना सामोरं जायचं किंवा इनिंग संपवायची असा नियम आहे. म्हणजे ओहतानीसाठी माणूस आणताना बेट्स आणि फ्रीमनचाही विचार त्याच क्षणी करावा लागतो.

२०२० च्या वर्ल्ड सिरीजमधल्या सहाव्या सामन्याचंही तसंच. टॅम्पा बेच्या केव्हिन कॅशने ब्लेक स्नेलला ७३ चेंडूंवर, नऊ स्ट्राइकआउट झालेले असताना, १-० आघाडीवर काढलं. लोक आजही ‘का काढलं’ म्हणून कॅशला झोडपतात. तेच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आले की सुरुवातीचा पिचर मार खातो, हे त्यामागचं तत्त्व चुकीचं नाही. मला खटकतं ते ‘कोणाला आणलं’. निक अँडरसनचा मोसमातला ईआरए ०.५५ होता, पण त्याआधीच्या सलग सहा सामन्यांत त्याने धाव दिली होती. मोसमाचा आकडा बघून त्या आठवड्यातला हात विसरला गेला.

बाहेरून न दिसणारी गोष्ट म्हणजे उपलब्धता. आमच्याकडे सामन्याआधी मी मुख्य प्रशिक्षकाला तीन रंगांत यादी देतो: हिरवा म्हणजे वापरा, पिवळा म्हणजे एकच इनिंग, लाल म्हणजे विचारूही नका. काल ३० चेंडू टाकलेला बहुधा लाल. सलग दोन दिवस आलेला निदान पिवळा. यात बॉक्स स्कोअरमध्ये (सामन्याच्या छापील तक्त्यात) कधीच न दिसणारा एक रकाना असतो: बुलपेनमध्ये पूर्ण वॉर्म-अप झाला, पण बोलावलं नाही. असं एका संध्याकाळी दोनदा झालं तर मुलं सामना टाकल्याइतकी थकतात. त्यामुळे टीव्हीवर ‘आज चांगल्या माणसाला का नाही आणलं?’ असं ओरडण्याआधी मागच्या तीन दिवसांचे चेंडू मोजा. माझा अंदाज, तुमच्या रागावलेल्या रात्रींपैकी बऱ्याच रात्रींचं उत्तर तिथेच मिळेल. उरलेल्या रात्रींसाठी खुशाल रागवा.

मग काय करायचं? पुढचा महिनाभर, पिचर बदलताच, पुढचा चेंडू पडायच्या आधी एक ओळ लिहा: इनिंग, स्कोअर, बाद किती, रनर कुठे, पुढचे तीन फलंदाज कोण, मागच्या तीन दिवसांत कोणी किती टाकलं, आणि तुम्ही कोणाला आणलं असतं. निकाल दुसऱ्या पानावर लिहा. महिन्याच्या शेवटी निकालाचं पान बाजूला ठेवून फक्त पहिलं वाचा. मॅनेजरशी तुमचं जिथे पटलं नाही ते क्षण मोजा, आणि त्यातले किती खरोखर मोठ्या लेव्हरेजचे होते तेही. थोडेच निघाले तर मॅनेजरला सोडा, कच्च्या हातांनी तो भागवतोय. मेजर लीगच्या २६ जणांत १३हून जास्त पिचर ठेवता येत नाहीत, त्यातले पाच सुरुवातीचे; उरलेल्या आठांत तीनच भरवशाचे असतील तर प्रश्न संघ बांधणाऱ्या जनरल मॅनेजरला विचारायला हवा. वॉशिंग्टन नॅशनल्सच्या बुलपेनचा २०१९चा ईआरए साडेपाचच्या वर होता. ऑक्टोबरात त्यांनी सुरुवातीच्या पिचरनाच मधल्या इनिंगमध्ये आणून शक्य तेवढं बुलपेन टाळलं आणि वर्ल्ड सिरीज जिंकली.

क्लोजर बदलावा का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. वेग टिकून असेल आणि स्ट्राइकआउट-वॉकमधला फरक मागच्या वर्षीइतकाच असेल, तर मी हात लावणार नाही. फक्त धावा तीन-चार रात्रींतच आल्यात ना, ते बघेन. वॉक वाढले असतील तर त्याला काही दिवस सहाव्या-सातव्या इनिंगमध्ये, तीन-चार धावांच्या फरकाने टाकू देईन. वेगच गेला असेल तर आधी डॉक्टर, मग बाकीचं.

आणि तुमचा मुलगा लिटल लीग खेळतो असं तुम्ही जाता जाता लिहिलंय, म्हणून एवढंच: यातलं काही त्याच्या संघाला लावू नका. ११-१२ वर्षांच्या मुलाला तिथे दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे आणि ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती सक्तीची. त्या वयात पिचर कधी काढायचा हे ती मर्यादा ठरवते, लेव्हरेज नाही. त्यांच्या प्रशिक्षकाला आठव्या इनिंगबद्दल विचारायला जाऊ नका. त्यांच्या सामन्याला सहाच इनिंग असतात.